जकार्तातील खोली, खाणावळ आणि मालाची पडतळ

परदेशी बाजाराची चौकशी करायला कापड धंद्यातील बांधव आमच्याकडे येतात, तेव्हा पहिला सवाल मालाच्या भावाचा असतो. जकार्तात डोक्याचे रुमाल कितीला कोडी, लुंगी कितीला, एवढे कळले की पडतळ बसली असे त्यांना वाटते. तिथे राहायला आणि खायला काय लागते, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

2014 साली आम्ही तानाह आबांग बाजारात गेलो. हा बाजार 1735 मध्ये डच अमलात सुरू झाला आणि आजही त्या भागातील सर्वात मोठ्या कापड बाजारांत मोजला जातो. मजले चढता चढता पाय भरून येतात, पण दुकाने संपत नाहीत. एक गोष्ट ऐकून मात्र फार बरे वाटले. तिथला घाऊक व्यापारीसुद्धा माल ‘कोडी’वर देतो, आणि त्याची कोडीही आपल्यासारखीच वीस नगांची! भाषा कळत नव्हती, पण सौदा कळत होता. आम्ही 60 कोडी रुमाल घेतले, म्हणजे 1,200 नग. भाडे आणि कस्टम ड्युटी धरून नगामागे 30 रुपये सुटतील असा अंदाज होता, तो खराही ठरला. एकूण 36,000 रुपये सुटले. पण नऊ दिवसांचे हॉटेल, टॅक्सी आणि जेवण मिळून 41,000 रुपये गेले होते. विमानाचे तिकीट वेगळेच. घरी आम्ही सांगितले की माल चांगला गेला. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

ही गोष्ट आम्ही बरीच वर्षे कोणाला सांगितली नाही. 2025 मध्ये मोहल्ल्यातील एक तरुण बहिणीचे दागिने गहाण ठेवून तिकडे निघाला, तेव्हा जुनी वही काढून त्याच्यासमोर ठेवावी लागली. तो म्हणाला, “चाचा, तुम्ही तर म्हणत होता की फायदा झाला!” आम्ही काय बोलणार? त्याला बसवून घेतले आणि दोघांनी मिळून नवा हिशोब मांडला.

पहिला घोटाळा शून्यांचा होतो. तिथले चलन रुपिया. 2025 मध्ये आपल्या एका रुपयाला सुमारे 190 रुपिया मिळत होते. खिशात दहा लाख असले की माणूस स्वतःला शेठ समजतो आणि हात सैल सोडतो, पण हे दहा लाख म्हणजे आपले पाच-सव्वापाच हजार. उलट प्रत्येक वस्तूचा भाव आपल्या रुपयांत करून “स्वस्त आहे” म्हणत राहणे हीही चूकच. खरे माप तिथल्या मजुरीचे. जकार्तात 2025 साठी किमान वेतन महिना 53,96,761 रुपिया ठरले होते, म्हणजे आपले अठ्ठावीस हजारांच्या वर. एवढ्यात तिथला कामगार महिना काढतो. मग पाहुण्या व्यापाऱ्याला नऊ दिवसांत त्याहून जास्त का लागावे?

तो कामगार हॉटेलात राहत नाही, ‘कोस’मध्ये राहतो. कोस म्हणजे महिन्याच्या भाड्याची एक खोली. त्यात गादी आणि कपाट असते, मोरी बहुधा सामाईक. पंख्याची साधी खोली दहा ते पंधरा लाख रुपियात मिळते. एअर कंडिशनर आणि स्वतंत्र न्हाणीघर हवे तर त्याच्या दुप्पट. विजेचे पैसे भाड्यात आहेत की मीटरमध्ये आगाऊ भरायचे, हे आधी विचारून घ्यावे. नळाचे पाणी तिथे कोणी पीत नाही. 19 लिटरचा भरलेला कॅन घ्यावा लागतो. नामांकित कंपनीचा वीस हजारांच्या आसपास पडतो, गल्लीतल्या दुकानात भरून घेतलेला त्याच्या तिसऱ्या हिश्शात.

जेवणासाठी ‘वार्तेग’. तेगाल गावाकडच्या लोकांनी चालवलेल्या या खाणावळी गल्लोगल्ली आहेत. काचेच्या कपाटात भाज्या, अंडी, मासे, तेम्पे मांडलेले असतात. बोट दाखवायचे आणि भातावर वाढून घ्यायचे. साधे ताट 15 ते 20 हजार रुपियात होते. मुस्लिम वस्तीचे शहर असल्याने हलाल जेवणासाठी भटकावे लागत नाही. फक्त पादांगच्या खाणावळीत सांभाळावे. तिथे दहा-बारा बशा न मागता समोर येतात. जेवढ्यांना हात लावाल तेवढ्यांचेच पैसे, हे माहीत नसल्याने पहिल्या दिवशी आम्ही भीडेने सगळ्याच चाखल्या.

येण्याजाण्याचा खर्च मात्र आपल्या मुंबईसारखाच हलका. शहर बसचे भाडे 2005 पासून वीस वर्षे 3,500 रुपियावरच राहिले. लोकलला 2025 मध्ये पहिल्या 25 किलोमीटरला 3,000 आणि पुढच्या प्रत्येक 10 किलोमीटरला 1,000 रुपिया पडत. बोगोर, तांगेरांगकडून दुकानातील कितीतरी नोकर याच गाडीने येतात, आणि तानाह आबांगचे स्टेशन बाजाराला लागूनच आहे. आम्ही टॅक्सीत बसून वाहतुकीत अडकत होतो.

तर तरुणाचा हिशोब असा झाला: खोली तेरा लाख, जेवण सोळा लाख, पाणी, फोन आणि प्रवास चार लाख. एकूण तेहतीस लाख रुपिया, म्हणजे साडेसतरा हजार रुपयांच्या आत. विमानतळावर मिळणाऱ्या 30 दिवसांच्या व्हिसाचे पाच लाख रुपिया वेगळे. या व्हिसावर खरेदी करता येते, नोकरी करता येत नाही. हे सगळे 1,200 नगांवर वाटले तर नगामागे सतरा रुपयांच्या आसपास बसते. तीसमधून उरले तेरा, आणि तिकीट अजून बाकी! म्हणून त्याने माल वाढवून 150 कोडी करायचे ठरवले, आणि गहाणाची निम्मी रक्कम मुक्कामासाठी न मोडता घरीच ठेवली. महिनाभर राहिल्याचा आणखी एक लाभ झाला. पहिल्या आठवड्यात दुकानदार त्याला पाहुण्याचा भाव सांगत होते, तिसऱ्या आठवड्यात गल्लीतला.

हंगामाचेही ध्यान ठेवावे. तिथे ईदच्या किमान सात दिवस आधी मालकाने कामगाराला बोनस द्यावाच लागतो. वर्षभर काम केलेल्याला पूर्ण एक महिन्याचा पगार मिळतो. तो पैसा कपड्यांवर उतरतो, भाव चढतात आणि घाऊक दुकानदाराला आपल्याशी बोलायलाही फुरसत नसते. ईदला अर्धे शहर गावी जाते, दुकाने बंद, वार्तेगसुद्धा बंद. भाडे मात्र चालूच राहते. सबब रमजानच्या दीड-दोन महिने आधी जावे, नाहीतर ईदनंतर पंधरा दिवस जाऊ द्यावेत.