माडाची अळी, उसाचा खोडकिडा आणि आपली मित्रमाशी



आपल्यापैकी पुष्कळांचे मालवणकडे जाणे-येणे असते. कोणाची सोयरीक तिकडची, कोणी आंगणेवाडीच्या जत्रेला जातो. यंदा गेलात तर किनाऱ्यालगतचे माड जरा निरखून बघा. एखाद्या बागेत खालच्या झावळ्या आगीने करपल्यासारख्या दिसतात. पाणी कमी पडले असे वाटते. पण झावळ उलटी केली की पात्याखाली जाळी आणि विष्ठेचे बोगदे सापडतात. हे काम काळ्या डोक्याच्या अळीचे. बोगद्यात बसून ती पात्याचा हिरवा भाग खरवडून खाते. माड उंच, अळी जाळीच्या आत, मग फवारा पोचणार कसा?

इथे गोनिओझस ही मित्रमाशी कामाला येते. दिसायला काळ्या मुंगीसारखी. मादी अळीला डंख मारून लुळी करते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि राखण करत बसते. अंड्यांतून निघालेली पिले त्या अळीवरच वाढतात. १०० अळ्यांमागे सुमारे २० माशा सोडाव्यात अशी शिफारस आहे. म्हणून आधी झावळ्या तपासून अळ्या मोजायच्या. अळ्यांचे कोष झाले असतील तर गोनिओझसचा उपयोग नाही. कोषावर जगणारी ब्रॅकिमेरिया ही माशी वेगळी.

आता आपल्या फडाकडे वळू. उसातल्या खोडकिड्यासाठी आपण ट्रायकोग्रामाची कार्डे लावतो. ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. पण अळी एकदा कोंबात शिरली, गाभा वाळला, की त्या अळीला कार्ड काही करू शकत नाही. माड असो वा ऊस, माशी वेळेवर सोडली तरच फळ.

आमचीही चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही गाभेमर दिसल्यावर, तीही भर दुपारच्या उन्हात, कार्डे लावली. वर चार दिवसांनी कीटकनाशक फवारले. किडीसोबत माशाही मेल्या. पैसे दोन्हीकडून गेले, आणि दोष मात्र आम्ही कार्डाला दिला!

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा :

१) लागण लहान असतानाच पानांच्या मागे किडीची अंडी शोधा.

२) कार्डाच्या पट्ट्या सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचा.

३) कार्ड आणल्यावर घरात ठेवून देऊ नका, माशा डबीतच बाहेर पडतील.

४) कार्डे लावण्याच्या आगेमागे विषारी फवारणी नको. फवारणी झालीच असेल तर किती दिवस थांबायचे ते आधी विचारा.

५) एकदा लावून भागत नाही; साधारण आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावी लागतात.

२००२ साली सांगली भागात लोकरी मावा आला, तेव्हाही डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी आपल्याला हात दिला होता. शत्रू ओळखतो तसा मित्रही ओळखायला शिकू या. एकरी किती कार्डे लावायची ते गट ऑफिसात विचारा, आणि ज्यांच्या माडाच्या बागा आहेत त्यांनी रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.