कृषी सेवा केंद्र काढताय?

शेतकरी दुकानात येऊन ‘औषध द्या’ म्हणतो; आपण विकतो ते विष. म्हणून तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याने परवाना सक्तीचा केला.

आधी पदवी बघा. कृषीची चालते, तशीच रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन केलेली बी.एस्सी.ही. मालकाकडे नसली तर नोकरीवरच्या माणसाची चालते, आणि घोळ इथेच होतो. भिंतीवर भाच्याची पदवी, गल्ल्यावर मामा आणि भाचा पुण्यात! असला परवाना काढूच नका.

मग जागा. माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्याचा माल असेल तिथे कीटकनाशक ठेवता येत नाही. किराण्यामागची खोली बाद, सरकी पेंडीच्या गोदामाचा कोपराही बाद.

त्यानंतर कंपन्यांकडून उगम प्रमाणपत्रे, म्हणजे त्यांचा माल विकायला त्यांनी दिलेली लेखी संमती, मिळवा. धंद्यात या प्रमाणपत्राला नुसते ‘पीसी’ म्हणतात. पदवी, जागेचे कागद आणि पीसी जोडून शुल्कासह अर्ज करा. पुढे नव्या कंपनीचा माल घ्यायचा झाला, तर आधी तिचे पीसी परवान्यात चढवून घ्या, मगच माल उतरवा.

परवाना हाती आला की दर्शनी भागात लावा. साठा रजिस्टर रोज लिहा, पक्के बिल द्या आणि त्यावर बॅच नंबर टाका. मुदत संपलेला माल ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून वेगळा ठेवा. डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग पोऱ्याकडून पाठ करून घ्या: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

पेस्ट कंट्रोलच्या धंद्यालाही परवाना लागतो, त्याआधी प्रशिक्षण घ्यावे लागते. शेतात पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुराला मात्र कसलाच परवाना लागत नाही, म्हणजे त्याला कोणी शिकवतही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. माल घेणाऱ्याशी शेवटचे बोलणारे तुम्हीच असता. म्हणून बिल फाडताना प्रमाण सांगा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, मनाने दोन औषधे मिसळू नका, तोंडाने नोझल फुंकू नका, हेही सांगा. आणि डब्यासोबतचे माहितीपत्रक फेकू देऊ नका. विषबाधा झालीच, तर डब्याबरोबर ते दवाखान्यात न्यायला सांगा. डॉक्टरला हवा असलेला उतारा त्यावरच छापलेला असतो.