यंत्रपरीक्षकाची प्रश्नपत्रिका

विद्यार्थ्यांची परीक्षा शिक्षक घेतात हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु वेबसाइटच्या पानांचीही परीक्षा घ्यावी लागते, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचें पान लोकांस खुलें करण्यापूर्वीं तें नानाप्रकारच्या अर्जांनीं तपासावें लागतें. हें कंटाळवाणें काम माणसाऐवजीं करणारीं सॉफ्टवेअरें आहेत. त्यांपैकीं सेलेनियम हें प्रसिद्ध असून जेसन हगिन्स यांनीं तें २००४ सालीं शिकागो येथें थॉटवर्क्स कंपनींत असतांना तयार केलें.

या परीक्षकासही प्रश्नपत्रिका लागते. ती बहुधा सीएसव्ही नांवाच्या साध्या फाइलींत असते: एका ओळींत एक अर्ज, आणि नांव, पत्ता, तारीख हे रकाने स्वल्पविरामानें वेगळे केलेले. ही मांडणी परीक्षकाच्या अपेक्षेहून निराळी असली म्हणजे परीक्षा फसते आणि दोष पानाच्या माथीं येतो. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार! म्हणून पानास हात लावण्यापूर्वीं फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्यें उघडून चार गोष्टी पाहाव्या, असें आम्ही सुचवितों.

पहिली गोष्ट, फाइलीची जात. एक्सेलच्या फाइलीच्या नांवाचें शेंपूट बदलून 'सीएसव्ही' केलें, तरी आंतील मांडणी बदलत नाहीं. हल्लींच्या एक्सेल फाइलीच्या आरंभीं 'पीके' हीं दोन रोमन अक्षरें व पुढें निरर्थक चिन्हें दिसतात. अशी फाइल एक्सेलमधूनच सीएसव्ही म्हणून पुन्हां साठवावी.

दुसरी, रकाने तोडणारें चिन्ह. युरोपांतील कित्येक देशांत स्वल्पविराम हें दशांशचिन्ह असल्यामुळें तेथील एक्सेल अर्धविरामानें रकाने तोडतें. कोणतें चिन्ह मानावयाचें हें परीक्षकास सांगावें. पत्त्यांतच स्वल्पविराम असल्यास तो पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा.

तिसरी, लिपि. देवनागरी मजकूर 'यूटीएफ-८' पद्धतीनें साठवावा, नाहींतर अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें येतात. एक्सेल या पद्धतीनें सीएसव्ही साठवितांना आरंभीं तीन बाइटांची अदृश्य खूण घालतें. ती पहिल्या रकान्याच्या शीर्षकास चिकटते. मग आपल्या डोळ्यांस 'नांव' दिसत असूनही परीक्षक म्हणतो, असा रकानाच नाहीं! पायथन भाषेंत 'यूटीएफ-८-सिग' या पद्धतीनें फाइल वाचल्यास ती खूण गळून पडते.

चौथी, अंक. पुण्याचा दूरध्वनि-संकेत ०२०. एक्सेल त्यास संख्या समजून २० करतें. असा रकाना आधींच 'टेक्स्ट' म्हणून नेमावा. ०३/०४ ही तारीख आपणांस ३ एप्रिल, तर अमेरिकेंत ४ मार्च. पानास कोणता क्रम हवा तें पाहून तारीख लिहावी.

परंतु फसलेल्या परीक्षेहून घातक ती खोटी उत्तीर्ण परीक्षा. फाइलींतून एकही ओळ वाचली गेली नाहीं, तर एकही प्रश्न विचारला जात नाहीं. आणि चूक न सांपडल्यामुळें कित्येकदां 'उत्तीर्ण' असा निकाल लागतो. असें न तपासलेलें पान लोकांपुढें गेलें आणि त्यानें एखाद्या मुलीच्या नांवाचीं प्रश्नचिन्हें केलीं, तर तिची शिष्यवृत्ति तिच्या कांहींएक अपराधावांचून बुडेल. यास्तव फाइलींत ओळी किती व वाचल्या किती, हे दोन आंकडे आरंभींच ताडून पाहण्याची आज्ञा परीक्षकास द्यावी, व ते न जुळल्यास परीक्षा तेथेंच थांबवावी. आम्ही शिक्षक उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वीं मोजून घेतों, त्यांतील हेतुही हाच होय.