यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर एसजीपीटी का वाढते?

प्रश्न : वडिलांच्या यकृताचा मोठा भाग काढला. दुसऱ्या दिवशी एसजीओटी, एसजीपीटी खूप वाढले. यकृत निकामी होतंय का?

उत्तर : केवळ या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. ही एन्झाइम्स यकृताच्या पेशींत असतात. रक्तस्राव रोखण्यासाठी शस्त्रक्रियेत अनेकदा यकृताचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवतात; तो पुन्हा सुरू होताना पेशींना इजा होते आणि एन्झाइम्स रक्तात उतरतात. सहसा एक-दोन दिवसांत पातळी कमाल होते, मग आठवडाभरात ओसरते. ती पुन्हा चढली, तर रक्तवाहिनीत गुठळी आहे का, हे डॉप्लर सोनोग्राफीने पाहतात. यकृताचं काम मात्र बिलिरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) यांवरून कळतं. पाचव्या दिवसानंतरही दोन्ही वाढलेले असतील, तर काळजीचं कारण आहे. गुंगी किंवा वाढती कावीळ दिसल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगा.