यंत्राला नव्हे, कंपायलरला विचार

बुइटनव्हेल्डर्ट, ॲमस्टरडॅम

चि. भाचीस,

तू पाठवलेला बिल्ड लॉग मामाने वाचला. पुण्यातल्या लॅपटॉपवर एकही एरर न येता सगळं बांधून झालं आणि एआरएम बोर्डवर टाकताच ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. याचं उत्तर तुझ्याच लॉगमध्ये बऱ्याच वर आहे. होस्टचं नाव पुढे न जोडलेली क्रॉस टूल्स वापरली जात आहेत, असा एक इशारा तिथे छापलेला दिसेल. तुझ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने एआर्च६४-लिनक्स-ग्नू-जीसीसी शोधला, तो पाथमध्ये नव्हता, म्हणून तिने नुसता जीसीसी घेतला. तो लॅपटॉपचा. ऑटोकॉन्फची टूल शोधणारी नेहमीची मॅक्रो अशीच चालते. नावाचा पुढचा भाग गाळते, एक ओळ छापते आणि पुढे जाते. ‘येस’-‘नो’च्या शेकडो ओळींत ती ओळ कोणाच्या नजरेस पडणार?

म्हणून पहिलं सांगणं हे की, हवा तो कंपायलर मिळाला नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. चुकीच्या कंपायलरने पुरं झालेलं बिल्ड हे अडलेल्या बिल्डपेक्षा वाईट, कारण ती चूक बोर्डपर्यंत, कधी ग्राहकापर्यंत जाते.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये ‘यूनेम -एम’ आहे, तेही काढून टाक. ती कमांड चालू कर्नलबद्दल सांगते. तयार होणारा प्रोग्रॅम कुठे चालणार आहे, हे तिला ठाऊक असण्याचं कारणच नाही. ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांचा कंटेनर चालवलास, तर ती त्या कंटेनरच्या आतसुद्धा सहसा ६४ बिटांचंच उत्तर देते.

प्रोग्रॅम कुठे चालणार हे थेट सांगण्याची पद्धत जुनीच आहे. मामा राहतो त्या बुइटनव्हेल्डर्टच्या उत्तर टोकाला द बूलेलान नावाच्या रस्त्यावर व्हीयू, म्हणजे ‘मुक्त’ विद्यापीठ आहे. अँड्र्यू टॅनेनबॉम आणि सेरिएल याकोब्स यांचा ‘ॲमस्टरडॅम कंपायलर किट’ तिथला. १९८३ मध्ये टॅनेनबॉम आणि सहकाऱ्यांनी त्यावर लेख लिहिला. सी, पास्कल अशा भाषांचा कोड आधी ‘ईएम’ या मधल्या भाषेत आणायचा आणि तिथून हव्या त्या प्रोसेसरसाठी उतरवायचा, अशी त्याची रचना. प्रोग्रॅम कुठल्या मशीनसाठी हवा, ते ‘-एम’च्या पुढे नाव लिहून सांगता येतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी हा किट मागितला होता. विद्यापीठ मुक्त आहे, कंपायलर नाही, असं उत्तर आल्यावर त्यांनी स्वतःचा कंपायलर लिहायला घेतला. तुझ्या लॅपटॉपवरचा जीसीसी तो हाच. त्याची पहिली आवृत्ती १९८७ ची. किटसुद्धा पुढे २००३ मध्ये खुला झाला.

याच विद्यापीठातल्या मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट तुझ्या कामाला आणखी जवळची. २०१४ च्या ३.३.० आवृत्तीत ते बीगलबोनसारख्या एआरएम बोर्डांवर चालू लागलं आणि त्याच्या बांधणीसाठी नेटबीएसडीची ‘बिल्ड.एसएच’ ही पद्धत घेतलेली होती. ही स्क्रिप्ट मशीनचं नाव घेते, आधी आपला क्रॉस-कंपायलर सोर्सपासून बांधते आणि मग त्यानेच बाकीचं सगळं बांधते. लॅपटॉपवर कुठला जीसीसी बसवलेला आहे, याचा अंदाज बांधायची वेळच येत नाही. मामाला ही पद्धत सर्वांत जास्त पटते. पण प्रत्येक छोट्या लायब्ररीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, आणि तुझं काम लायब्ररीचं आहे.

तेव्हा तू --बिल्ड आणि --होस्ट दोन्ही लिहून दे. बिल्ड म्हणजे जिथे बांधकाम चालू आहे ते मशीन, होस्ट म्हणजे जिथे प्रोग्रॅम चालेल ते. --टार्गेट फक्त कंपायलरसारखी साधनं बांधणाऱ्यांसाठी आहे. तू ते दिलं आहेस, ते काढ. नुसतं --होस्ट दिलं तर ऑटोकॉन्फ चाचणीचा प्रोग्रॅम चालवून पाहते आणि तो चालला तर क्रॉस नाही असं ठरवते. तुझ्या लॅपटॉपवर क्यूईएमयू बसवलेलं आहे. त्यामुळे एआरएमचा प्रोग्रॅमही तिथे बिनबोभाट चालतो आणि स्क्रिप्टची फसगत होते.

प्रोग्रॅम न चालवताही बरंच कळतं. एखाद्या टाइपचा आकार किती बाइट, हे ऑटोकॉन्फ क्रॉसमध्ये कसं शोधते ते मुद्दाम पाहा. अट खोटी असेल तर ॲरेचा आकार ऋण होईल असा चिमुकला कोड ती कंपायलरपुढे ठेवते. कंपायलरने नाकारलं की उत्तर मिळालं. मग शक्यतांची मर्यादा निम्मी करत ती नेमक्या आकड्यावर पोचते. किती सुंदर युक्ती आहे! आर्किटेक्चरही असंच विचार: बांधणीचे सगळे फ्लॅग देऊन प्रीप्रोसेसर चालव आणि त्याच्या अंगच्या मॅक्रो बघ. ‘-डंपमशीन’ सोपं आहे, पण ‘-एम३२’ दिल्यावरही ते एक्स८६-६४ च म्हणतं. शिवाय मधलं नाव टूलचेननुसार बदलतं, कुठे ‘नन’, कुठे ‘बिल्डरूट’. म्हणून अख्खी ओळ जुळवू नकोस.

कंपायलर बरोबर मिळाला तरी लायब्ररी लॅपटॉपची शिरू शकते. लायब्ररी शोधणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला तू ‘पाथ’ व्हेरिएबल दिलं आहेस. ते नवी जागा जोडतं, पण जुनी तशीच राहते. ‘लिबडिर’ दे, म्हणजे मूळ जागा बदलेल, आणि सोबत ‘सिसरूट’ही. सीमेक वापरत असलीस तर टूलचेन फाइलमध्ये लायब्ररी आणि हेडर फक्त सिसरूटमधून आणि प्रोग्रॅम मात्र लॅपटॉपवरून, असं स्पष्ट लिही. हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्ये सीसीपुढे ‘?=’ लावून भागत नाही, कारण त्या व्हेरिएबलला मेकने आधीच किंमत देऊन ठेवलेली असते.

हे बदल करून झाले की बोर्डवर नेण्याआधी तयार फाइलवर ‘रीडएल्फ -एच’ चालव आणि ‘मशीन’ची ओळ पाहा. हीच तपासणी बिल्डच्या शेवटी स्क्रिप्टमध्ये घाल, चुकीचं मशीन दिसलं की बिल्ड नापास. नवा लॉग पाठव, मामा शनिवारी सवडीने बघेल. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा