आधी द्यावा, मग खावा : अक्षय्य तृतीयेचा आंबा

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. महाराष्ट्रात अनेक घरांत या दिवसापर्यंत आंबा खात नाहीत. बाजारात आंबा आलेला असतो, पेटीचा वास घरभर दरवळत असतो. तरी पहिला आंबा देवाला आणि पितरांना. मग पाण्याने भरलेला मातीचा कुंभ आणि आंबा यांचे दान. त्यानंतर आपल्या पानात आमरस. खानदेशात या सणाला आखाजी म्हणतात. तिथे पूजेच्या घागरीवर खरबूज ठेवतात आणि सासरच्या लेकी माहेरी येतात.

फळ आणि पाणीच का?

वैशाखात ऊन कडक असते. तहानलेल्याला पाणी हवे असते आणि आंबा याच दिवसांत पिकतो. म्हणजे ज्या वेळी ज्याची गरज, तेच द्यायचे. गीतेच्या 17व्या अध्यायात (श्लोक 20 ते 22) दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक. फळाची आशा धरून किंवा नाखुशीने दिलेले राजस. अवज्ञेने दिलेले तामस.

एक अनुभव

एका वर्षी आईने मला दानासाठी पाच आंबे वेगळे काढायला सांगितले. मी डाग पडलेले पाच काढले. आईने ते पाहिले आणि इतकेच विचारले, "हे तू पाहुण्यांना देशील का?" मी गप्प झालो. वाणिज्य शाखेत आम्ही शिकतो की उत्पन्नातून खर्च वजा करायचा आणि उरेल तो नफा. दानालाही मी तोच हिशेब लावला होता. ही परंपरा मात्र हिशेब उलटा मांडते : देणे पहिल्या ओळीत, आपला वाटा त्यानंतर. मी आंबे बदलले. इमारतीच्या वॉचमनकाकांना ते दोन्ही हातांनी दिले, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या गावाची चौकशी केली.

चिंतनासाठी

1. मी देतो ते निवडलेले असते की उरलेले?
2. देताना समोरच्याकडे माझे लक्ष असते का?
3. दिल्यानंतर आभाराची वाट पाहतो का?

या आठवड्याची साधना

घरात येणाऱ्या फळांतले सर्वांत चांगले एक फळ, स्वतः चव घेण्यापूर्वी, कुणाला तरी आदराने द्यावे. त्याचा उल्लेख कुठेही करू नये.