उदमांजर

‘उदबत्ती’ आणि ‘उदमांजर’ हे दोन शब्द शेजारी ठेवले म्हणजे दोहोंतील ‘उद’ एकच असावा असे सहज वाटते. या प्राण्याच्या शेपटीखालील ग्रंथींतून एक विशिष्ट वास येतो. तेव्हा उदासारखे वासाचे ते उदमांजर, अशी व्युत्पत्ती कोणी सांगितली तर ती पटूनही जाईल. परंतु भाषेचा पुरावा निराळा आहे.

मराठीत ‘ऊद’ हे दोन वेगळे शब्द आहेत. धुपासाठी जाळतात तो ऊद अरबीतून आला. दुसरा ऊद संस्कृत ‘उद्र’ या शब्दापासून झाला असून त्याचा अर्थ पाणमांजर असा आहे. ‘उदक’ या शब्दाशी त्याचे नाते आहे; इतकेच नव्हे, तर इंग्रजीतील ‘ऑटर’ हा शब्दही त्याच घराण्यातला. हिंदीत आजही ऊदबिलाव म्हणजे पाणमांजरच. बिलाव म्हणजे मांजर. तेव्हा ऊदबिलाव व उदमांजर या शब्दांची घडण एकच. परंतु मराठी माणूस उदमांजर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे नदी नसते. वडाच्या वा ताडाच्या शेंड्यावर रात्री वावरणारा, काळसर करड्या रंगाचा, जवळजवळ अंगाइतकीच लांब शेपटी असलेला प्राणी असतो. नाव पाण्यातले आणि राहणी झाडावरची!

‘मांजर’ हा उत्तरार्धही फसवाच. याचे कूळ जवादी मांजराचे. आपल्या घरच्या मांजराशी त्याचे सख्खे नाते नाही. केरळात यास ‘मरपट्टी’ म्हणतात. ‘मरम्’ म्हणजे झाड व ‘पट्टी’ म्हणजे कुत्रा. आपण मांजर म्हणावे, मल्याळी माणसाने कुत्रा म्हणावे, आणि प्राणी दोहोंपैकी एकही नसावा! तथापि मल्याळी नावात झाड तरी आहे.

ही नावे चुकली तरी निरुपद्रवी आहेत. ‘मसण्याऊद’ हे नाव तसे नाही. महाराष्ट्रात काही ठिकाणी याच प्राण्यास ते लावतात. मसण म्हणजे स्मशान. पुरलेली प्रेते उकरून खाणारा तो मसण्याऊद, अशी समजूत. वस्तुतः उंबर, जांभूळ, ताड यांची फळे हे उदमांजराचे आवडते खाद्य. जोडीस उंदीर व किडे. खाल्लेल्या फळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात आणि तेथे रोपे उगवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीस मनाई आहे.

लिहिताना ‘ऊद’ एकटा असता दीर्घ ऊ येतो, ‘मसण्याऊद’ यातही तो दीर्घच राहतो. ‘उदमांजर’, ‘उदबत्ती’ यांत बहुधा ऱ्हस्व लिहितात. ‘उदमांजर’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘माळ्यावर उदमांजर आले’. ‘मसण्याऊद’ पुल्लिंगी, म्हणून ‘माळ्यावर मसण्याऊद आला’. प्राणी तोच, परंतु दुसरे वाक्य कानी पडताच घरातील माणसे काठी शोधू लागतात.